सीमेलगत धंदा आहे? मग माणसांची वही काढा

सीमेलगत धंदा काढणारे आधी भाडं, रस्ता आणि शुल्क बघतात. अशा कारखान्यांत माणसं नेमायचं आणि शिकवायचं काम मी बारा वर्षं करतोय. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: पलीकडून फोन आला तर उचलतं कोण?

हे एका अडकलेल्या मालाने शिकवलं. इन्व्हॉइसवर निव्वळ वजन, पॅकिंग लिस्टवर त्याच रकान्यात खोक्यांसकट. माल चार दिवस नाक्यावर. कागदपत्रं बघणाऱ्या बाई रजेवर, आणि पलीकडच्या एजंटाची भाषा दुसऱ्या कुणालाच येईना. मशिनं मात्र नवी कोरी!

तर मालाची एक खेप निवडा आणि ऑर्डर येण्यापासून पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे मागे जा. दर टप्प्यावर लिहा, इथे कोणाचं डोकं लागलं. पदव्या लिहू नका. मग प्रत्येक नावापुढे दुसरं नाव लिहून बघा. जिथे सुचत नाही, तिथे धंदा एकाच माणसाच्या तब्येतीवर चाललाय.

शिकवायला मी एचएस कोडपासून, म्हणजे कुठला माल आहे हे सांगणाऱ्या जागतिक क्रमांकापासून, सुरुवात करतो. पहिले सहा आकडे ही पद्धत पाळणाऱ्या सगळ्या देशांत सारखे, पुढचे देशागणिक वेगळे. मूळ यादीही साधारण पाच वर्षांनी बदलते, 2022 मध्ये बदललीच. व्याख्यान देऊ नका. जुन्या चुकलेल्या इन्व्हॉइस हातात द्या आणि चूक शोधायला लावा. तासाभरात कळतं कोणाची नजर तयार आहे. आमच्याकडे ती गोदामातल्या मुलाची निघाली, ऑफिसातल्या कुणाची नाही.

भाषा आली म्हणजे झालं, असं नाही. अर्थतज्ज्ञ जॉन मॅकॅलम यांनी 1995 मध्ये दाखवलं की, भाषा बरीचशी एक असूनही, आणि अर्थव्यवस्थेचा आकार आणि अंतर जमेस धरूनही, कॅनडाचे प्रांत अमेरिकी राज्यांशी करत त्याच्या वीसपटीहून जास्त व्यापार आपसात करत होते. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बराच खाली आणला, पण सीमा अडते हे कोणी नाकारलं नाही. म्हणून पलीकडे ओळखीपाळखी असलेला माणूस घ्या, भले त्याचं व्याकरण कच्चं असो.

पलीकडे राहणारा माणूस नेमताना करार नीट वाचा. लक्झेंबर्गमधले जवळपास निम्मे कर्मचारी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून ये-जा करतात. युरोपीय संघात असा माणूस 25 टक्के किंवा जास्त काम घरून करू लागला, तर त्याचा सामाजिक विमा राहत्या देशाकडे जाऊ शकतो. 1 जुलै 2023 पासून, याबाबतच्या आंतरदेशीय करारात सामील देशांत, घरचं काम 50 टक्क्यांच्या आत असेल तर विमा कंपनीच्या देशाकडेच ठेवता येतो, पण अर्ज करावा लागतो. ‘शुक्रवारी घरून कर’ म्हणण्याआधी हिशोब मांडा.

टिकवणं सगळ्यात अवघड. मेक्सिकोने 1965 मध्ये उत्तर सीमेवर कारखान्यांची योजना काढली. पुढे सिउदाद हुआरेससारख्या शहरांत कामगार थोड्या जास्त पगारासाठी शेजारच्या गेटात शिरायचे. शिकवण्याचा खर्च आपला, फायदा शेजाऱ्याचा. मी दुसऱ्या भाषेचा भत्ता दरमहा पगारातच देतो, वर्षाअखेरच्या बोनसवर ढकलत नाही. जो दुसऱ्याला शिकवतो, त्याला वेगळा.

हे सगळं केल्यावर आठ महिन्यांनी त्या बाईंनी सलग दहा दिवस रजा घेतली. ऑफिसातून दोनदा फोन गेला, दोन्ही वेळा कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय हे विचारायला.