लॉ आणि इकॉनॉमिक्स दोन्ही करायचंय? मग अ‍ॅडमिशनच्या आधी हे वाचा

दोन्हीकडे वेगवेगळी अ‍ॅडमिशन घेऊन टाकू, असं आधी डोक्यातून काढा. यूजीसीने 2022 मध्ये एकाच वेळी दोन डिग्र्यांना परवानगी दिली हे खरंय, पण लॉच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलचे 2008 चे नियम वेगळे आहेत, त्यात लॉ चालू असताना दुसरी रेग्युलर डिग्री चालत नाही, फक्त डिस्टन्सला सूट आहे. त्यामुळे बीए करून तीन वर्षांच्या एलएलबीला गेलात तर सोबत इग्नूचं एमए इकॉनॉमिक्स करता येईल, कॉलेजला आधी विचारून घ्या.

आता पाच वर्षांचं बीए एलएलबी की आधी बीए? इकॉनॉमिक्स मनापासून आवडत असेल तर माझं मत सरळ आहे, आधी बीए इकॉनॉमिक्स, मग तीन वर्षांचं एलएलबी (ओपनला ग्रॅज्युएशनला 45 टक्के लागतात). एक वर्ष जास्त जातं, जाऊ दे, पण बीए एलएलबीत बऱ्याच ठिकाणी इकॉनॉमिक्सचे मोजकेच पेपर असतात आणि स्टॅटिस्टिक्स तर राहूनच जातं. घरचे म्हणतील एक काहीतरी धड कर, तर त्यांना सांगा बाबासाहेबांनी लंडनला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी आणि एलएसईत (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) इकॉनॉमिक्स, दोन्ही केलं.

अभ्यास करताना दोन वह्या करू नका, खरंच सांगतो, एकच करा. घरभाड्याचंच उदाहरण घ्या. 1947 च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने बऱ्याच जुन्या जागांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 ला जे होतं तिथेच गोठवलं, मग मालक दुरुस्ती कशाला करेल, आणि भाडेकरू तरी एवढी स्वस्त जागा का सोडेल, म्हणून पागडी (जागेसाठी वरून द्यायची रक्कम) आली, गिरगावातल्या चाळी खिळखिळ्या झाल्या. इकॉनॉमिक्सच्या वर्गात प्राइस सीलिंगची (सरकारने ठरवलेली कमाल किंमत) आकृती काढता ती हीच. त्याच्याच बाजूच्या पानावर मालपे विश्वनाथ आचार्य केस लिहा, सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, मग 1999 चा नवा कायदा आला आणि त्यात वर्षाला 4 टक्के वाढ दिली. आता स्वतःला विचारा, 4 टक्क्यांत दुरुस्ती निघते का, नाही निघाली तर खर्च कोणावर पडतो? असं प्रत्येक केसला करा, काँट्रॅक्ट असो की काँपिटिशन अ‍ॅक्ट.

फक्त लॉच्या पेपरात आधी सेक्शन आणि केस लिहा, आकृती नंतर.