पायाच्या सांध्याचं ऑपरेशन झाल्यावर एक्स-रे, सीटी काढताना या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या एखाद्या साइटवर परांचीवरून खाली पडला आणि टाचेचं हाड फुटलं, असे पेशंट आमच्याकडे ठाण्यात एक्स-रेला नेहमी येतात. ऑपरेशन होतं, प्लेट बसते, मग घरचे फिल्म उजेडाला धरून बघतात, स्क्रू सगळे नीट दिसतायत ना, मग झालं. इथेच गडबड होते. स्क्रू जागेवर असले म्हणजे सांधा जागेवर आला असं नाही हो. टाचेच्या हाडावरचा जो सबटेलर सांधा आहे ना, ज्याच्यामुळे खडबडीत रस्त्यावर पाऊल आत-बाहेर कलतं, तिथे दोन मिलिमीटरची पायरी, म्हणजे पृष्ठभागात उंचसखलपणा, राहिली तरी पुढे सांधा झिजून दुखणं मागे लागू शकतं, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत नेमका तोच भाग बऱ्याचदा प्लेटखाली झाकला जातो.

म्हणून एकाच फिल्मवर भागवू नका. बाजूचा व्ह्यू हवाच, टाच किती रुंद झालीय, आत कललीय का ते कळायला मागून अॅक्सियल हवा, आणि सांध्यासाठी पाय आत वळवून ब्रोडेन व्ह्यू काढतात. बाजूच्या फिल्मवर डॉक्टर बोलर अँगल, म्हणजे टाचेच्या हाडाच्या वरच्या कडेचा कोन, मोजतात, तो साधारण २० ते ४० अंश असतो, टाच दबली की कमी होतो. पण पाऊल फिरलेलं असेल तर हा आकडाच चुकू शकतो! घोट्याच्या हाडाच्या वरच्या दोन्ही कडा एकमेकींवर येऊन एकच कमान दिसली पाहिजे, दोन दिसल्या तर फिल्म परत काढायला सांगा, लाजू नका. नॉर्मल किती हे माणसागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्या पायाची फिल्मही सोबत असलेली बरी.

पावलाच्या मधल्या सांध्याचं, म्हणजे लिसफ्रँकचं ऑपरेशन असेल तर झोपून काढलेल्या एक्स-रेवर विसंबू नका, हाडांमधली फट बऱ्याचदा वजन पडल्यावरच उघडते. डॉक्टरांनी वजन टाकायची परवानगी दिली की उभं राहूनच काढा, आणि हो, रेलिंगला धरून सगळा भार चांगल्या पायावर टाकून उभं राहिलं तर त्याचा काही उपयोग नाही.

धातू आहे म्हणून सीटी होत नाही, हा पण गैरसमजच. होतो, फक्त आत प्लेट आहे हे आधीच सांगा, म्हणजे बारीक स्लाइस घेऊन धातूची चमक कमी करणारी सेटिंग लावता येते. एमआरआयसुद्धा बहुतेक प्लेटवर चालतो, तरी ऑपरेशनचा कागद दाखवायचाच, पण प्लेटजवळचं चित्र बिघडतं त्यामुळे पायरी बघायला सीटीच बरा.

आणि ऑपरेशनच्या आधीची सीडी नेरूळ-वाशीहून येताना घरी विसरू नका, जुनं-नवं शेजारी लावल्याशिवाय किती सुधारलं ते कळणार कसं? रिपोर्टमध्ये नुसतं इम्प्लांट जागेवर आहे एवढंच लिहिलं असेल तर सर्जनना सरळ विचारा, सांध्याचा पृष्ठभाग सपाट बसलाय का, पायरी किती मिलिमीटर राहिलीय.