सभासद यादीतील न दिसणारी अक्षरे काढताना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पतसंस्थांच्या याद्यांत मराठी व कन्नड नावे शेजारीशेजारी असतात, आणि अशी यादी एक्सेलमधून डेटाबेसमध्ये आणल्यावर दिसायला अगदी सारखी असलेली दोन नावे क्वेरीत जुळत नाहीत, असे पुष्कळदा होते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतील ट्रिम हे फंक्शन एरवी कडेची साधी मोकळी जागाच काढते. न तुटणारी जागा (युनिकोड क्रमांक १६०) आणि शून्य रुंदीची जागा (८२०३) तशीच राहते. त्यामुळे एका अक्षराऐवजी दुसरे ठेवणाऱ्या ट्रान्सलेट फंक्शनला ही दोन अक्षरे याच क्रमाने सीएचआर (क्रमांकावरून अक्षर देणारे फंक्शन) वापरून द्यावीत आणि बदली म्हणून एकच साधी जागा द्यावी, म्हणजे पहिल्याऐवजी ती येते व दुसरे नाहीसे होते. ट्रिम त्यानंतर चालवावे.

मात्र क्रमांक ८२०५ च्या अक्षराला (न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक) सरसकट हात लावू नये. काही कीबोर्डांवर ‘दऱ्या’ हा शब्द त्याच्याच आधाराने टंकला जातो, आणि ते काढले की ‘दर्या’ उरतो. कन्नडमधील काही जोडाक्षरांचेही रूप असेच बिघडते. लोकांच्या नावांची अशी मोडतोड मुळीच चालणार नाही.

मोबाइल क्रमांकातील रेषा व कंस काढण्यासाठी रेगेक्सपी रिप्लेस (नमुन्याशी जुळणारा मजकूर बदलणारे फंक्शन) उत्तम आहे, पण पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्याला ‘जी’ हा पर्याय दिला नाही तर फक्त पहिलीच जुळणी बदलते. देवनागरी व कन्नड अंक आधी ट्रान्सलेटने इंग्रजी अंकांत आणावेत, अन्यथा इंग्रजी अंकांखेरीज सारे काढणारा नमुना दिल्यास तेही गळून पडतील. प्रत्यक्ष बदल करणारी अपडेट आज्ञा चालवण्यापूर्वी, नुसते पाहण्यासाठी असलेल्या सिलेक्टने जुना व नवा मजकूर शेजारीशेजारी तपासावा.