जर्मनीत सायकल आणि ई-स्कूटर चालवताय? या चुका टाळा

पुण्या-नागपूरहून जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी कार चालवायला महिनोन्‌महिने घाबरतात, सायकल मात्र आल्या आल्या विकत घेतात. आणि ॲपवर मिळणारी ई-स्कूटर तर पहिल्याच शनिवारी. ‘सायकलवाल्याला कोण धरतंय?’ हा आपल्याकडचा हिशोब इथे चालत नाही. सायकल हे इथे कायद्याने वाहन आहे आणि ई-स्कूटर तर चक्क मोटार वाहन. पुढच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे होतात.

स्कूटरला खेळणं समजणं

उभ्याने चालवायच्या या ई-स्कूटरना जर्मनीत १५ जून २०१९ पासून परवानगी आहे. वेगाची मर्यादा ताशी २० किलोमीटर, वय किमान १४ वर्षं. लायसन्स लागत नाही, हेल्मेटची सक्ती नाही. एवढं वाचून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो, कारण दारूच्या बाबतीत स्कूटरला कारचेच नियम लागतात.

रक्तात ०.५ प्रोमिल (म्हणजे हजारात ०.५ भाग) अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी ५०० युरो दंड, दोन पॉइंट (नावावर चढणारे दंडगुण) आणि एक महिना वाहनबंदी. १.१ प्रोमिलपासून पुढे तो गुन्हाच. त्याच माणसाने सायकल चालवली असती तर ही गुन्ह्याची रेषा १.६ वर होती. पण म्हणून सायकलवर बिनधास्त बसू नका: तोल जात असेल किंवा कुणाला धडकलात तर ०.३ लाही प्रकरण फौजदारी होऊ शकतं, सायकलवर असलात तरी. वय २१ च्या आत असेल किंवा इथलं लायसन्स नवं, अजून परिवीक्षेच्या काळातलं असेल, तर स्कूटरवर मर्यादा शून्य. २०१९ च्या ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे स्कूटर रस्त्यावर आल्यानंतरच्या पहिल्याच, म्युनिकच्या पोलिसांनी शेकडो प्यालेले स्कूटरस्वार पकडले होते. त्यातल्या अनेकांनी कार घरी ठेवली होती, शहाणपणा म्हणून! पार्टीहून येताना ट्राम पकडा, नाहीतर चालत या. स्कूटर हा मधला मार्ग नाही.

मोबाइलचंही तसंच. सायकलवर फोन हातात धरला तर ५५ युरो. स्कूटरवर १०० युरो आणि एक पॉइंट. हे पॉइंट फ्लेन्सबुर्ग शहरातल्या वाहतुकीच्या केंद्रीय नोंदवहीत जातात, तुमच्याकडे जर्मन लायसन्स असो वा नसो.

डबलसीट हा आपला जन्मसिद्ध हक्क, पण स्कूटरवर माणूस एकच. मित्राला आपल्या अकाउंटवरून स्कूटर काढून देणं हीसुद्धा वाईट सवय आहे. मित्र सिग्नल तोडतो किंवा स्कूटर भलतीकडे टाकून जातो, आणि पत्र येतं तुमच्या नावाने, कारण कंपनीकडे नाव तुमचंच असतं.

कुणाची पट्टी कुठली, हे न बघणं

फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा. सायकल नाही, स्कूटर नाही, ‘फक्त दहा मीटर’ही नाही. सायकलमार्ग असेल तर स्कूटर त्यावरून, नसेल तर रस्त्यावरून. सायकलला थोडी मोकळीक आहे. गोल निळी पाटी आणि त्यात पांढरी सायकल दिसली तर तो मार्ग वापरणं बंधनकारक. पाटी नसेल तर रस्त्यावरून जायला हरकत नाही. कारवाला मागून हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. शहरात सायकलला ओलांडताना त्याने दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, शहराबाहेर दोन मीटर.

आपल्या लोकांची लाडकी चूक म्हणजे समोरच्या बाजूचा सायकलमार्ग उलट्या दिशेने वापरणं. ‘रस्ता कशाला ओलांडायचा, दोनच चौक तर जायचंय.’ डावीकडच्या मार्गावर तशी परवानगी देणारी पाटी नसेल तर हे राँग साइडच आहे, दंड २० युरोपासून सुरू. दंड सोडा, खरा धोका चौकात असतो. गल्लीतून बाहेर पडणारा कारवाला सायकली जिकडून यायला हव्यात तिकडेच बघतो. तुम्ही त्याला दिसतच नाही.

लहान मुलांचा नियम उलट आहे. आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी फुटपाथवरूनच सायकल चालवायची (रस्त्यापासून वेगळा बांधलेला सायकलमार्ग असेल तर तोही चालतो), दहापर्यंत चालवू शकतात. आठच्या आतल्या मुलासोबतचे आई किंवा बाबाही फुटपाथवरून सायकल नेऊ शकतात. रस्ता ओलांडताना मात्र मुलांनी उतरून सायकल ढकलायची.

झेब्रा क्रॉसिंगवर मोठ्यांनीही उतरा. गाड्या थांबतात त्या चालणाऱ्यासाठी. सायकलवर बसून ओलांडलंत तर तुम्हाला कुठलाही अग्रहक्क नाही, आणि अपघात झाला तर हीच गोष्ट तुमच्याविरुद्ध जाते.

चुकीचा सिग्नल बघणं

सायकलचं चित्र असलेला वेगळा सिग्नल असेल तर तो पाळायचा. नसेल तर गाड्यांचा. पायी चालणाऱ्यांचा हिरवा माणूस तुमच्यासाठी नाही, सायकलमार्ग अगदी फुटपाथला चिकटून असला तरी. लाल तोडला तर ६० युरो आणि एक पॉइंट. लाल होऊन एक सेकंदाहून जास्त झाला असेल तर १०० युरो आणि पॉइंट.

जिथे सिग्नल नाही, पाटी नाही, अशा वस्तीतल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्ता रुंद की अरुंद, कार की सायकल, याचा संबंध नाही. मोठ्या रस्त्याने सरळ जाणाऱ्याला पहिला मान ही आपली सवय इथे अंगाशी येते. चौक जवळ आला की पेडल थांबवा, उजव्या गल्लीत मान वळवून बघा. डावीकडून कार येताना दिसली तर ती थांबायला हवी, पण खरंच थांबतेय ना याची खात्री करूनच पुढे जा.

ट्रामचे रूळ

नियमापेक्षा ही युक्ती जास्त हाडं वाचवते. रुळाला समांतर जाता जाता हळूच तिरकं ओलांडायला गेलात की पुढचं चाक खाचेत बसतं आणि हँडल हातातून निसटतं. पावसात तर टायर खाचेत न जाताही ओल्या लोखंडावरून सरकतो. आधी मागे बघा, थोडं बाजूला या आणि रूळ शक्य तितका काटकोनात कापा. रुळावर असताना ब्रेक दाबू नका. स्कूटरची चाकं लहान, त्यामुळे तिच्यावर दुप्पट सावध.

स्वस्तातली ई-बाइक

ऑनलाइन, सेकंडहँड, ‘ताशी ३५ जाते’ अशी जाहिरात दिसली की सोडून द्या. पेडल मारल्यावरच मदत करणारी, २५० वॅटची, ताशी २५ ला मदत बंद करणारी ई-बाइक सायकल मानली जाते. त्यापलीकडे विमा आणि त्याची नंबरप्लेट लागते, बऱ्याचदा लायसन्सही. स्वतःची ई-स्कूटर घेतलीत तर विम्याचा स्टिकर मागे चिकटवावा लागतो आणि तो दर वर्षी १ मार्चला बदलतो. रंगही बदलतो, त्यामुळे जुना स्टिकर पोलिसांना लांबूनच ओळखू येतो. विम्याशिवाय मोटार वाहन चालवणं हा इथे साधा दंड नसून गुन्हा आहे.

दिव्यांवर फार लिहीत नाही. पुढे पांढरा, मागे लाल, पुढचा लुकलुकणारा नको. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार-साडेचारलाच अंधारून यायला लागतं, तेव्हा बॅटरी आधीच चार्ज करून ठेवा.

राइड संपत नाही, पत्र आलं, धडक झाली

ॲप राइड संपवू देत नसेल तर बहुधा तुम्ही मनाई असलेल्या पट्ट्यात उभे आहात. स्कूटर तिथेच टाकून निघून गेलात तर मीटर चालू राहतं. नकाशावर जवळची पार्किंगची जागा शोधा, फुटपाथवर बाबागाडी आणि पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस जाऊ शकेल अशी उभी करा, फोटो काढा. तरीही अडलं तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन मदत केंद्राला कळवा. कुठेही फेकलेल्या स्कूटरना वैतागूनच पॅरिसकरांनी २०२३ मध्ये मतदान करून भाड्याच्या स्कूटर शहरातून घालवल्या. मतदानाला आले थोडेच, पण जे आले ते चिडूनच आले होते.

५५ युरोपर्यंतचं ताकीदपत्र आलं आणि चूक तुमची असेल, तर आठवड्याच्या आत पैसे भरा, विषय तिथेच मिटतो. दुर्लक्ष केलंत तर प्रक्रिया खर्चासकट मोठा दंड येतो. त्यावर हरकत घ्यायला दोन आठवडे असतात, तेही पत्र टपालपेटीत पडल्यापासून. गावाला जाताना टपालपेटी कुणाला तरी बघायला सांगा.

कुणाला धडकलात तर थांबा, नाव-पत्ता द्या, पोलिसांना बोलवा. भाड्याच्या स्कूटरने समोरच्याचं केलेलं नुकसान तिच्या विम्यातून भरलं जातं. सायकलला तसा विमाच नसतो. एखाद्याचा हात मोडला तर उपचार आणि बुडालेला पगार, दोन्ही तुमच्या खिशातून. त्यासाठी खाजगी हाफ्टफ्लिश्ट (आपण दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) विमा मिळतो, महिन्याला काही युरोंत. सायकल घ्यायच्या आधी तो काढा.