लहान मुलांना घेऊन परदेशात जायचंय, तेही बजेटमध्ये

परदेशाची ट्रिप ठरली की सगळे आधी तिकिटांच्या ऑफर बघत बसतात. मुलं लहान असतील तर आधी मुलांची वयं बघा, कारण बरेचसे खर्च त्यावरच ठरतात.

२ वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून जातं आणि इंटरनॅशनल फ्लाइटला बऱ्याच एअरलाइन्स त्याचे मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के घेतात, लो-कॉस्टवाले एक ठरावीक फी लावतात. पण वय बुकिंगच्या दिवशीचं नाही तर प्रवासाच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे दुसरा वाढदिवस ट्रिपमध्येच येत असेल तर परतीला त्याची स्वतंत्र सीट घ्यावी लागते, म्हणून तारखा जरा अलीकडे सरकवता आल्या तर सरकवा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच असतो तो) ६ वर्षांखालच्या मुलांना फी नाही. जपान आणि स्वित्झर्लंडमध्ये ६ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्रेनने फुकट जातात, फक्त वेगळी रिझर्व्ह सीट हवी असेल तर पैसे पडतात. पॅरिसच्या लूव्र म्युझियमला १८ च्या आतल्यांना तिकीट नाही (तिथे तीन वर्षांचं पोर किती वेळ टिकेल ते तुम्हीच ठरवा). आणि मूल अजून शाळेत जात नसेल तर सुट्टीच्या सीझनला जायची काही गरजच नाही, सीझन सुरू व्हायच्या थोडं आधी किंवा संपल्यावर जा, या एका गोष्टीत जेवढे पैसे वाचतात तेवढे कुठल्याच कूपन कोडनी वाचत नाहीत.

देश निवडताना टाइम झोन बघाच. शरीराला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो असं धरतात, म्हणजे ८ तासांचा फरक आणि ५ दिवसांची ट्रिप असेल तर मुलं सेट होतायत तोवर तुम्ही परत निघालेले असणार, आणि पहाटे ३ ला टक्क जागं असलेलं मूल हॉटेलच्या खोलीत सांभाळायचं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. छोटी सुट्टी असेल तर कमी फरकाचा जवळचा देश आणि डायरेक्ट फ्लाइट. रात्रभराच्या लेओव्हरचं (मध्ये विमान बदलायला थांबावं लागतं ते) तिकीट स्वस्त दिसतं पण एअरपोर्टवरचं खाणं, मध्येच घ्यावी लागलेली खोली, टॅक्सी हे धरून बेरीज करा आणि मग ठरवा.

माझं सगळ्यात ठाम मत राहण्याबद्दल आहे. एक शहर, एक घर, बास. दर दोन दिवसांनी गाव बदललं की सामान बांधा, टॅक्सी करा, चेक-इनची वाट बघत लॉबीत बसा, त्यात दुपारची झोप मोडते आणि सगळी संध्याकाळ रडारडीत जाते, शिवाय आठवड्याभराच्या बुकिंगवर कितीतरी ठिकाणी डिस्काउंट मिळतो तोही हातचा जातो. किचन आणि वॉशिंग मशीन असलेलं अपार्टमेंट घ्या, नाश्ता आणि एक वेळचं जेवण घरी झालं तरी खूप फरक पडतो आणि मशीन असेल तर कपडे निम्मेच न्यावे लागतात. फोटो बघून भुलू नका, लिफ्ट आहे का, स्टेशन आणि किराण्याचं दुकान चालत किती लांब आहे हे आधी बघा. हॉटेलच घेणार असाल तर बुकिंग करताना मुलांची खरी वयं टाका, नाहीतर तिथे गेल्यावर एक्स्ट्रा बेडचे पैसे मागतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. मुलांच्या पासपोर्टची मुदत बऱ्याच ठिकाणी मोठ्यांपेक्षा कमी असते आणि कितीतरी देश ६ महिने व्हॅलिडिटी मागतात, त्यामुळे तारखा आत्ताच तपासा. आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेत असतील तर दुसऱ्याचं नोटराइज्ड संमतीपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा. लसींसाठी डॉक्टरांना ४ ते ६ आठवडे आधी भेटा. आणि इन्शुरन्सवर प्लीज पैसे वाचवू नका, बाहेर एका रात्रीचं हॉस्पिटल अख्ख्या ट्रिपपेक्षा महाग पडू शकतं.

फ्लाइटसाठी बॅसिनेट (बाळाचा छोटा पाळणा) हवा असेल तर तिकीट काढतानाच सांगा, ते मोजकेच असतात आणि वजनाची मर्यादा असते. टेकऑफ आणि लँडिंगला बाळाला दूध पाजा नाहीतर काहीतरी चोखायला द्या, गिळताना कानातला दाब मोकळा होतो. हँडबॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, हा नियम बाळाच्या दुधाला सहसा लावत नाहीत, फक्त सिक्युरिटीला वेगळं काढून दाखवायचं. स्ट्रोलर बहुतेक एअरलाइन्स फुकट नेतात.

तिथे कार्ड वापरताना मशीन कुठल्या करन्सीत पैसे कापू विचारतं, तेव्हा कायम तिथलीच करन्सी निवडा, आपली निवडली की रेट वाईट लागतो. दिवसाला तिकिटाची एकच गोष्ट ठेवा, उरलेला वेळ बाग, बीच, खेळायची मैदानं, मुलांना तसंही तेच हवं असतं. आणि राहण्याचं बुकिंग थोडं महाग पडलं तरी फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, कारण लहान मुलांना ताप नेमका निघायच्या आदल्या दिवशीच येतो.