बाहुल्यांसाठी गड्ड्याचं कलेक्शन

थीम एकच धरा, आपली गड्डा यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, घेतली तर बाहुल्याला पांढरी बाराबंदी, बाहुलीला इरकल नऊवारी आणि खणाची चोळी, बास. साडेअकरा इंची बार्बी साधारण १:६ स्केलची असते, म्हणजे ४५ इंच पन्ह्याची साडी तिला साडेसात इंचच, आणि काठ इंचभर झाला की साडी कसली, सतरंजीच दिसते. निऱ्यांना पाण्याचा हात लावून थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून रात्रभर वाळवा, नाहीतर फुगतात. सोलापुरी चादर अंगावर नको, लई जाड, मागे पडदा म्हणून लावा पण जरा लांब, नक्षी ब्लर झाली पाहिजे. फोटो सकाळी लवकर, नंतर सोलापूरचं ऊन रंगच खातं. मोबाईल उलटा धरा, लेन्स खाली येऊन बरोबर बाहुलीच्या डोळ्यांसमोर येते.