घरात पाल, सरडा किंवा सापसुरळी शिरली तर काय करावे

रात्री दिवा लावला आणि भिंतीवरून काहीतरी सरसर पळाले, की पहिला हात झाडूकडे जातो. तो आवरा. झाडूच्या फटक्याने पाल कपाटामागे जाते आणि तिची तुटलेली शेपटी जमिनीवर वळवळत राहते. प्राणी घरातच राहिला, वर जखमी झाला आणि आता हाती लागणे आणखी अवघड.

त्यापेक्षा अर्धा मिनिट नुसते बघा. समोर नेमके काय आहे, यावर पुढचे सगळे ठरते. घरात वस्तीला आलेली पाल आणि वाट चुकून आत आलेला सरडा ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पालीला तुम्ही हातही लावला नाहीत तरी चालते. सरड्याला मात्र घरात ना ऊन मिळते ना पाणी, त्याला वेळेवर बाहेर काढले नाही तर तो सोफ्याखाली सुकून मरतो.

१. आधी ओळख पटवा

पाल ओळखायला सोपी. फिकट, मऊ कातडी, चपटी रुंद बोटे, उभ्या बाहुलीचे मोठे डोळे. भिंतीवर, काचेवर, छताला उलटीसुद्धा ती निवांत बसते. तिला हलणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर धूळ बसली की ती जिभेने पुसून काढते. दिवा न हलवता थोडा वेळ थांबलात तर हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि एकदा पाहिले की किळस बरीच कमी होते.

सरड्याचे खवले खरखरीत असतात, बोटे बारीक आणि नखे टोकदार. तो दिवसा हिंडतो, डोळे मिटतो. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, म्हणून तो पडद्यावर, खिडकीच्या जाळीवर किंवा कुंडीच्या आसपास सापडतो.

सापसुरळी चकचकीत, तुळतुळीत अंगाची आणि आखूड पायांची असते. ती जमिनीलगत पळते आणि फटीत शिरताना तिचे पाय दिसतच नाहीत, त्यामुळे साप म्हणून तिचा हकनाक जीव जातो. तिला विष नसते. डोक्याच्या बाजूला कानाचे छिद्र दिसले आणि डोळे मिटताना दिसले तर तो साप नव्हे, कारण सापाला या दोन्ही गोष्टी नसतात. पण एवढे निरखायला जवळ जाऊ नका. लांबूनच पाय स्पष्ट दिसले तर ठीक, नाहीतर साप आहे असे धरून मागे सरा, खोलीचे दार लावा आणि जाणकार सर्पमित्राला बोलवा.

हातभर किंवा त्याहून लांब, जाड शेपटीचा, दुभंगलेली जीभ आत-बाहेर करणारा प्राणी दिसला तर ती घोरपड. ती स्वतः पकडायची नाही. तिचा चावा खोल जातो, नख्या ओरबाडतात आणि शेपटीचा तडाखाही बसतो. घोरपडीच्या सर्व जाती वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत आणि कित्येक देशांत तिला पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. खोलीतून माणसे आणि पाळीव प्राणी बाहेर काढा, बाहेरच्या बाजूचे दार उघडा, आतले दार लावून घ्या. बहुतेकदा ती आपणहून निघून जाते. तासाभरात गेली नाही तर वनखात्याला किंवा वन्यजीव बचाव पथकाला कळवा.

रंग भडक आहे, माणूस जवळ गेला तरी पळत नाही, हातावर घेतले तर शांत बसते, असा अनोळखी प्राणी असेल तर तो बहुधा कुणाचा तरी पाळलेला आणि निसटलेला असतो. त्याला झाडीत सोडू नका. हवेशीर खोक्यात ठेवा, शेजारीपाजारी विचारा, पशुवैद्याला दाखवा.

२. काढायचे की राहू द्यायचे

पाल विषारी असते हा समज जवळपास सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. माणसाला खरोखर धोका होईल असे विष असलेले सरडे म्हणजे हेलोडर्मा गटातले गिला मॉन्स्टर आणि बीडेड लिझार्ड. ते उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या काही भागांतच राहतात. भिंतीवरची पाल डास, पतंग, छोटी झुरळे आणि कोळी खाते. दिवाणखान्यात किंवा व्हरांड्यात एखादी पाल असेल तर माझे सरळ मत आहे, तिला राहू द्यावे.

खरा धोका वेगळा आहे आणि तो मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. पाली-सरड्यांच्या आतड्यात साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात आणि ते विष्ठेतून बाहेर पडतात. म्हणून ओट्याच्या वर, भांड्यांच्या मांडणीत, पिण्याच्या पाण्याजवळ किंवा तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर पाल नको. तिथून तिला हलवायलाच हवे. उघड्या अन्नात पाल पडली तर ते अन्न टाकून द्या, उकळून वापरायचा विचार करू नका. पाच वर्षांखालची मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक यांना या जंतूंचा त्रास जास्त होतो, त्यांनी या प्राण्यांना हात लावू नये.

घरात मांजर असेल तर आणखी एक कारण. काही उष्ण प्रदेशांत पाली-सरडे खाणाऱ्या मांजरांच्या यकृताला प्लॅटिनोसोमम नावाच्या चपट्या कृमीची लागण होते. मांजर सरड्यावर झडप घालताना दिसली तर कौतुक न करता तिला आधी उचला.

विजेच्या पेटीत किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये शिरलेली पाल हे वेगळेच काम आहे. मेन स्विच बंद केल्याशिवाय तिथे काडीसुद्धा घालायची नाही, आणि शक्यतो वायरमनलाच बोलवायचे.

३. दिसत नसेल तर शोधा

काळपट लेंडी आणि तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका, ही पाली-सरड्यांची खूण. तो पांढरा भाग म्हणजे घट्ट झालेले युरिक आम्ल. उंदराच्या लेंडीला असा ठिपका नसतो. लेंड्या जिथे पडल्यात त्याच्या बरोब्बर वर पाहा, दिव्याच्या मागे, फोटोच्या चौकटीआड, घड्याळाखाली. रात्री चुकचुक आवाज येतो तीही दिशा धरा. साफ करताना लेंड्या कोरड्या झाडू नका, ओल्या कागदाने उचला आणि जागा साबणाने पुसून मग जंतुनाशक लावा.

४. खोली तयार करा

घाई इथेच नडते. आधी छताचा पंखा बंद करा. मांजर-कुत्रे बाहेर काढा. बाकीच्या खोल्यांची दारे लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबा. सरडा असेल तर पडदे ओढून खोली अंधारी करा आणि बाहेर जाणारे एकच दार किंवा खिडकी उजेडाची ठेवा, तो उजेडाकडे जातो. पालीसाठी उलट: आतले दिवे मालवा, बाहेरचा दिवा लावा, खिडकी उघडी ठेवा. किडे बाहेर जमले की तीही मागोमाग जाते, पण याला रात्र लागू शकते.

बेसिनमध्ये किंवा टबमध्ये सापसुरळी अडकलेली सापडली तर ती नळातून आलेली नसते. पाण्यासाठी आत उतरते आणि गुळगुळीत कडेवरून तिला वर येता येत नाही. टॉवेलचे एक टोक आत, दुसरे बाहेर असे टाकून ठेवा, ती स्वतःच चढून येईल.

५. हात न लावता पकडा

लागते काय, तर एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि एक ताठ पुठ्ठा. जाड कापडी हातमोजे असतील तर घाला.

भिंतीवरच्या पालीकडे समोरून नको, बाजूने आणि सावकाश जा. डबा तिच्यावर टेकवा, पण टेकवण्याआधी शेपटी पूर्ण आत आली का ते पाहा. मग पुठ्ठा भिंतीला घासत हळूहळू सरकवा. तिच्या पायांना पुठ्ठा लागला की ती पाऊल उचलते, तेवढी थांबण्याची उसंत द्या. ओढून काढू नका, बोटे दुखावतात. ‘टोके’ नावाच्या मोठ्या जातीच्या पालीच्या एका पायावर लाखो अतिसूक्ष्म केस असतात, आणि ती पकड कुठल्याही चिकट द्रवाची नसून व्हॅन डर वाल्स बलांची, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाची आहे, हे संशोधक केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले. त्यामुळे प्लास्टिकचा डबा पालीला सहज चढता येतो, झाकण लागतेच. सापसुरळीला मात्र उंच, गुळगुळीत बादली पुरते.

जमिनीवरून पळणाऱ्या सापसुरळीसाठी किंवा सरड्यासाठी डबा धरून धावण्यात अर्थ नाही. बुटांचे खोके आडवे करून भिंतीला चिकटवून ठेवा, तोंड त्याच्या दिशेला. दुसऱ्या बाजूने झाडू जमिनीवर हलकेच सरकवत या. घाबरलेला प्राणी भिंतीच्या कडेने पळतो आणि समोर अंधारी जागा दिसली की आत शिरतो. खोके उभे करा, झाकण लावा, झाले.

शेपटीला काहीही झाले तरी धरू नका. पाली आणि बऱ्याच सरड्यांच्या शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याची जागा ठरलेली असते. शत्रू वळवळत्या शेपटीत गुंतावा आणि जीव वाचावा यासाठी ती सोय आहे. शेपटी परत येते हे खरे, पण नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. शिवाय पालीची चरबी बरीचशी शेपटीतच साठते. ती गेली की पडत्या काळासाठी ठेवलेले बरेचसे जाते.

चुकून चावलीच तर जखम साबण-पाण्याने चांगली धुवा. रक्त आले असेल किंवा सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या लशीचे विचारा. चावा घेतला नाही तरी काम संपल्यावर हात साबणाने धुवायचेच.

६. जवळच सोडा

पकडल्यावर तासन्‌तास डब्यात ठेवू नका, उन्हात तर अजिबात नको. पाल संध्याकाळी सोडावी, सरडा आणि सापसुरळी दिवसा, घराजवळच्याच झुडपात किंवा दगडांच्या आडोशाला. पुण्य लागेल म्हणून गाडीत घालून दूरच्या जंगलात नेऊ नका. तिथे त्याला ना लपायची जागा माहीत, ना खाणे.

प्रवासाच्या बॅगेतून किंवा दुरून आलेल्या मालाच्या खोक्यातून निघालेला प्राणी हा याला अपवाद. तो बाहेर अजिबात सोडायचा नाही. आशियातली साधी घरपाल जहाजांच्या मालातून पॅसिफिकमधल्या बेटांवर पोहोचली आणि तिथल्या मूळच्या पालींना तिने दिव्याखालच्या मोक्याच्या जागांवरून हुसकावले. अशा वेळी झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डब्यात ठेवून वन्यजीव किंवा जैवसुरक्षा विभागाला कळवा.

७. पुन्हा येऊ नये म्हणून

डिंकाचे सापळे लावू नका. त्यात पाल तासन्‌तास तडफडते, कातडी सोलवटते. कुणी लावलेल्या सापळ्यात अडकलेली सापडली तर खाण्याचे तेल थेंबाथेंबाने पायांभोवती सोडा, कापसाच्या काडीने एकेक पाय सुटा करा, नाकपुड्यांवर तेल जाऊ देऊ नका, आणि सुटल्यावर लगेच कोमट पाण्याने तेल काढा.

अंड्यांची टरफले ठेवून पाली जातात याला भक्कम आधार नाही, पण त्याने अपाय तरी होत नाही. तंबाखूच्या गोळ्या आणि डांबरगोळ्या मात्र घातक. निकोटिन मुलांच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेले तर जिवावर बेतते. नॅप्थालीनने तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, आणि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना तर हा धोका फारच मोठा.

उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी. दाराबाहेर पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावा, त्यावर किडे कमी येतात. ओटा रात्री कोरडा ठेवा, खरकटे झाका, म्हणजे झुरळे कमी होतील. दाराखाली रबरी पट्टी, खिडकीला बारीक जाळी, पाइप आणि एसीची नळी भिंतीत शिरते तिथे सिलिकॉन.

फट बुजवण्याआधी टॉर्चने आत पाहा. पांढरी, कडक कवचाची, वाटाण्याएवढी दोन अंडी तिथे असू शकतात. पाल बहुधा दोनच घालते आणि ती उबायला उष्णतेनुसार साधारण दीड ते दोन महिने लागतात. अंडी दिसली तर फट तेवढे दिवस तशीच राहू द्या. अंडी नसतील तर अंधार पडल्यावर, पाल भक्ष्यासाठी बाहेर पडलेली दिसली की मग बुजवा, दिवसा नको. दिवसा ती आत झोपलेली असते.